दारामागं काय असंल?

सुकन्यानं गोष्ट नेमकी लोखंडी दारापाशी आणून थांबवली, आणि तय्यबचाचा चिडले.

"हे न्हाई चालायचं, बेटी. डोंगर पोखरून इथवर आलो, आता कडीला हात घालायचा तर तू म्हणतीस मंगळवारी?"

"काकूंचं बीपी उतरलंय, चाचा. बघा की जरा तिकडं."

पलीकडच्या खाटेवर जगदेवीकाकू डोळे मिटून पडल्या होत्या. टेक्निशियन रेवणसिद्धनं त्यांच्या पायाखाली उशी सारली होती आणि आकडा वर चढायची वाट बघत तो मशीनपाशी उभा होता. काकूंनी डोळे न उघडताच मोकळा हात हलवला. "माझ्यापायी थांबू नका म्हणावं. माझी घोडी बाहेर बांधल्याली हाय."

पण सुकन्यानं फासे पिशवीत टाकले. काकूंशिवाय दार उघडणं बरं नव्हतं.

सुकन्या मूळची नायगावची. पुण्यात एका कंपनीत चांगली नोकरी करत होती. मग पाय सुजायला लागले, तोंडाची चव गेली, आणि तपासण्यांवर तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. वडिलांनी खोली रिकामी केली आणि पोरीला घरी आणलं. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार नायगावहून एसटीनं नांदेड, दुपारपर्यंत डायलिसिसच्या मशीनला, आणि मग परत एसटी. बाकीचे दिवस पुढच्या वारीसाठी अंगात ताकद जमवण्यात जायचे.

पुण्याच्या सामानात एक कापडी पिशवी आली होती. तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे फासे होते. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. पुण्यात मैत्रिणी दर रविवारी जमायच्या आणि हा खेळ खेळायच्या. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर. राक्षसाशी लढायचं की पळायचं, भिंतीवर चढायचं की सुरुंग खणायचा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं हे मात्र फासा सांगणार. गोष्ट कुठं जाईल ते सांगणारीलाही पुरतं माहीत नसतं, हीच त्यातली गंमत.

शेजारच्या खाटेवरचा बिलोलीचा आदिनाथ मोबाईल बघून बघून विटला होता, म्हणून तिनं एकदा त्याला फासे दाखवले. कॉलेज अर्ध्यात सुटलेला तो पोरगा पुढच्याच वारीला काजळ्या नावाचा चोर होऊन आला. मग मुदखेडला गाद्या भरायचं दुकान चालवणारे तय्यबचाचा म्हणाले, "मेरेकू भी लेव रे," आणि फौलादखान जन्माला आला. तो ताडमाड उंच, हातात घण. देगलूरच्या जगदेवीकाकू बरेच दिवस नुसत्या ऐकत होत्या. एकदा अचानक म्हणाल्या, "एक पोरगी घाल माझ्या नावची. सतरा वर्षांची. घोड्यावर बसणारी. लग्न करायचं न्हाई तिला, आधीच सांगून ठेवते."

डाव्या हातात दोन सुया, त्यामुळं फासे उजव्या हातानं, जेवणाच्या ट्रेवर टाकायचे. वर पंखा, खाली चार मशीनांची घरघर. पहिल्यांदा सिस्टर रागावल्या, मग त्याही जाता-येता विचारायला लागल्या की राक्षस मेला का.

एक गोष्ट सगळ्यांची सारखी होती. तहान. लघवी होत नाही म्हटल्यावर पोटात गेलेला घोटन् घोट मशीनवर येईपर्यंत अंगातच साठतो. दिवसाला मोजून एवढंसं पाणी, तेही गोळ्यांसकट. म्हणून फौलादखान वाटेतल्या प्रत्येक सराईत, मुक्कामाच्या जागी, शिरला की आधी पाणी मागायचा, आणि सुकन्याला त्या पाण्याचं नीट वर्णन करावं लागायचं.

"थंड होतं का?" चाचा विचारायचे.

"गार होतं चाचा."

"फ्रीजमधलं?"

"तिथं फ्रीज नाही हो."

"मग माठातलं. वाळा टाकलेला माठ. हां, सांग आता."

सगळे हसायचे आणि ओठांवरून जीभ फिरवायचे.

त्या शनिवारी, लोखंडी दारामागून आवाज येत होता. खोल, न थांबणारा, घुमणारा. एवढंच सुकन्यानं सांगितलं होतं. सुया निघेपर्यंत तिघांचे तर्क सुरू झाले.

"श्वास हाय तो," आदिनाथ म्हणाला. "कायतरी लई मोठं झोपलंय मागं. आपण कडी वाजवली की उठंल."

"माणसं हायत," काकू म्हणाल्या. त्यांचा आकडा आता वर आला होता. "कोंडलेली. लई दिवसांपासून बोंबलून बोंबलून आवाज बसलाय त्यांचा."

तय्यबचाचांनी दोघांकडं कीव आल्यासारखं बघितलं. "पानी हाय रे. पानी पडून राहिलंय वरून."

दारामागं काय आहे हे सुकन्याला तरी कुठं माहीत होतं? ती नेहमी असंच करायची. दार लावून द्यायचं आणि तिघं काय काय अंदाज बांधतात ते ऐकायचं. त्यातला चांगला अंदाज उचलून, थोडा वाकडा करून, पुढच्या वेळी त्यांच्याच पुढ्यात ठेवायचा. तिघांना वाटायचं, पोरीच्या डोक्यात सगळं आधीच रचलेलं आहे.

रविवारी दुपारी चाचांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. मागं माणसांचा गलका, भांड्यांचा खणखणाट. घरात भाच्याचं लग्न होतं.

"सुकन्याबेटी, मी सोचून राहिलो. दाराच्या मागं बारव हाय बघ. दगडी. पायऱ्या खाली गेल्यात. पाणी एकदम काळं, इतकं थंड की पायाला झिणझिण्या. फौलाद काय करंल, घण बाजूला ठेवंल, चिलखत काढंल, आणि उतरंल. वंजळीनं न्हाई प्यायचा. तोंड बुडवून. जनावर पितंय तसं. तू फक्त एवढं कर, मधी राक्षस घालू नको. पिऊ दे त्याला."

सुकन्या माजघरात फॅनखाली पडली होती. मे महिना. सकाळपासून तिनं बर्फाचा एक खडा चोखला होता, तेवढाच. ते ऐकता ऐकता तिला राग आला. हा माणूस मजेत पाण्याची वर्णनं करतो आणि ऐकणारीच्या जिभेचं काय? ठीक आहे, ती मनाशी म्हणाली, पाणीच ठेवू. पण फुकट मिळालेलं पाणी म्हणजे खेळ नव्हे. जो ते पाणी पिईल तो पायरीवरच दगड होऊन बसेल. मग बाकीच्या दोघांनी त्याला सोडवायला उतारा शोधत फिरायचं. पुढचे दोन महिने पुरेल एवढी गोष्ट. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. तिनं लिहून पाठवलं, "मंगळवारी दार उघडू चाचा. मग पोटभर प्या." आणि खाली एक हसरा चेहरा.

थोड्या वेळानं निळ्या खुणा उमटल्या. चाचांनी वाचलं होतं.

मंगळवारी ती हॉलमध्ये शिरली तेव्हा चाचांच्या खाटेवर कुणी अनोळखी म्हातारा होता आणि रेवणसिद्ध त्याच्या हातात सुई घालत होता. सुकन्यानं वजन केलं, खाटेवर पडली, हात पुढं केला. रेवणसिद्ध तिच्याकडं आला तेव्हा तिनं विचारलं, "चाचांना दुसरीकडं दिलं का?"

त्यानं पट्टी बांधली. "तय्यबभाई गेले, ताई. काल सकाळी. मुदखेडहून आणता आणता गाडीतच." मग सुई उचलत म्हणाला, "फुप्फुसात पाणी भरलं. शनिवार ते मंगळवार हाच गॅप वाईट असतो. त्यात घरात लग्न. किती सांगायचं माणसाला?"

सुई आत गेली ती तिला कळलीच नाही.

आदिनाथ भिंतीकडं तोंड करून पडला होता. काकू डोळे उघडे ठेवून वर बघत होत्या, आणि पाणी कडेनं कानाकडं ओघळत होतं. पुसायला एकच हात, तोही त्यांनी उचलला नाही.

"खेळ बंद करू, ताई," आदिनाथ म्हणाला.

"बंद कशापायी?" काकू म्हणाल्या. "फौलाद दारात उभा हाय. त्याला तिथंच उभा ठेवणार का जन्मभर?"

"फौलाद मेला, काकू."

"तय्यबभाई मेले. फौलाद कुठं मेला? कुणी मारला? मला तर न्हाई दिसला मेलेला."

दोघंही सुकन्याकडं बघायला लागले. तिनं पिशवी उशीखालून काढलीच नाही. फोनमध्ये तिचंच वाक्य होतं, 'पोटभर प्या', आणि ते दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि चादर तोंडावर ओढली.

तो आठवडा तिला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, माणूस आजारी होता, त्याची वेळ भरली. सुकन्याला ते ऐकवेना. त्यानं ते वाचलं आणि तो उठून माठाकडं गेला, असंच तिला दिसत होतं. शुक्रवारी ती घरी न सांगता, फक्त चाचांच्या नंबरवर कळवून, मुदखेडला गेली.

चाचांचा मुलगा अम्मार स्टेशनवर घ्यायला आला होता. बापासारखाच रुंद, पण बोलणं अगदी हळू. घर दुकानाच्या मागं होतं. दुकानाचं शटर अर्धं खाली, आत कापसाचे गठ्ठे तसेच. चाचांच्या बायको आबेदाचाची इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावरचे ते दिवस संपेपर्यंत बाहेर येत नव्हत्या. अम्मारनं तिला आतल्या खोलीच्या पडद्यापर्यंत नेलं आणि तो मागं फिरला.

खोलीत उकाडा होता. भिंतीशी एक गादी उभी करून ठेवलेली. तिच्याशेजारी आबेदाचाची बसल्या होत्या, बारीक, पांढरी ओढणी घेतलेल्या. त्यांनी सुकन्याला जवळ बसवलं आणि तिचा डावा हात हातात घेतला. फिस्टुलावर, मशीनसाठी जोडलेल्या शिरेवर, बोटं ठेवून त्या आतली थरथर बघत राहिल्या. "उनका भी ऐसाच चलता था," त्या म्हणाल्या. "रातकू मेरे कान में गूंजता था."

सुकन्याला रडू कोसळलं. तिनं फोन काढला, ते वाक्य दाखवलं, आणि सगळं सांगून टाकलं. त्या पाण्यानं फौलाद दगड होणार होता, तेसुद्धा.

चाचींनी फोन हातात घेतला नाही. "मालूम है," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवलं त्यांनी मला. लई हसले. म्हणाले, बघ, पोरगी ऐकते माझं." बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. "तू कायकू रोती? त्यांनी पाणी चोरून न्हाई प्यायलं. मी दिलं."

सुकन्यानं फोन खाली ठेवला.

"दावत चालू होती. सगळे शरबत पिऊन राहिले होते. पोरं गिलास अर्धे टाकून पळत होती. हे दाराशी खुर्चीवर बसून बघत होते. मागितलं न्हाई, बरं का. एक लफ्ज न्हाई. तसं बघणं मेरेसे नहीं देखा गया. मी जग घेतला, आत नेलं त्यांना, दार लावलं, आणि म्हटलं, प्या. एक पिले, दुसरा भरला. तिसरा बी मीच भरला." चाचींचा आवाज कोरडा होता, कुणा दुसऱ्याचं सांगितल्यासारखा. "अम्मारला न्हाई माहीत. कुणालाच न्हाई माहीत. आता तुला माहीत हाय."

तुमची चूक नाही, असं म्हणायला सुकन्या तोंड उघडणार होती, पण ते खोटं वाटलं असतं, आणि चाचींनी ते मागितलंही नव्हतं. तिनं नुसता त्यांचा हात धरून ठेवला.

"खुश होते," चाची म्हणाल्या. "तेवढा वेळ." मग त्यांनी ओढणीनं चेहरा पुसला आणि विचारलं, "दाराच्या मागं काय होतं मग? शेवटचे दोन दिवस त्या दाराचंच बोलत होते. पण पानी मत बोल मेरेकू."

"मला माहीत नाही, चाची. खरंच. तुम्हाला काय वाटतं?"

चाचींनी भिंतीशी उभ्या केलेल्या गादीकडं बघितलं. "मला वाटायचं, झोपायची जागा असंल. ते तिघं चालतच असतात, चालतच असतात, तू झोपू देतीस कुठं त्यांना? यांना सात-आठ महिने आडवं होता येत न्हवतं. आडवं झालं की दम कोंडायचा. भिंतीला टेकून बसायचे, मान अशी खाली. सगळ्या मुदखेडच्या गाद्या भरल्या त्यांनी." त्या थांबल्या. "एक पलंग असंल आत. पाठ टेकता येईल असा."

शनिवारी सुकन्यानं फासे काढले. आदिनाथ काही बोलला नाही, पण त्यानं ट्रे जवळ ओढला. चाचींनी पाणी दिल्याचं तिनं सांगितलं नाही, ते तिच्यापाशीच राहिलं. पलंगाचं तेवढं सांगितलं.

"असंल की," काकू म्हणाल्या. "तसंच असू दे."

मग दार उघडलं आणि तो घुमणारा आवाज थांबला. आत खोली होती, कोरडी, स्वच्छ, आणि एक रुंद पलंग. फौलादखाननं घण कोपऱ्यात ठेवला, चिलखत उतरवलं आणि तो पाठीवर आडवा झाला. सुकन्यानं एवढंच सांगितलं.

"फासा टाकायचा?" आदिनाथनं विचारलं.

"नाही."

काजळ्या आणि काकूंची घोडेस्वार पोरगी बाहेर आली आणि त्यांनी दार ओढून घेतलं. चाचांच्या खाटेवरचा म्हातारा मान वळवून ऐकत होता. त्याला काय समजलं कुणास ठाऊक, त्यानं परत छताकडं बघितलं.

"मी नसले की माझ्या पोरीला असं झोपवू नका," काकू मधेच म्हणाल्या. "तिला घोडीवर बसवून सोडून द्या. कुठं का जाईना."

"काय बोलता, काकू," सुकन्या म्हणाली.

"खरं ते बोलून राहिले. आदिनाथ, तुझ्या चोराचं काय?"

आदिनाथ चिडून म्हणाला, "त्याला पकडू देऊ नका. बास." आणि सुकन्याकडं वळला. "पण ताई, तू तर खेळात कुणीच न्हाईस. तुला काय झालं तर सगळाच मुलूख जाईल. डोंगर, सराया, सगळं."

हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं आदिनाथला गोष्ट चालवायला शिकवायला घेतलं. वाट कशी दाखवायची, माणसं घाबरली की कधी थांबायचं, त्यांचे अंदाज कसे ऐकायचे. तो चांगला शिकत होता असं नाही. पावसाळ्यात काकूंचा फिस्टुला बंद पडला. लेकीनं त्यांना लातूरला नेलं, तिथंच गळ्यात नळी घालून डायलिसिस सुरू झालं. काकू आता फोनवर दिसायच्या, चेहरा काळवंडलेला, मागं दुसऱ्याच हॉलची हिरवी भिंत. आदिनाथच्या आईची किडनी त्याला बसवायचं चाललं होतं, हैदराबादपर्यंत जाऊन आले. रिपोर्ट जुळला नाही. त्यानं ते एका वाक्यात सांगितलं आणि लगेच म्हणाला, "आज मी चालवतो, ताई. तू खेळ."

फोन ट्रेवर औषधाच्या डब्याला टेकवून ठेवला. लातूरहून काकूंनी घोडीला पाणी दाखवून घेतलं.

"तू कोण?" आदिनाथनं सुकन्याला विचारलं.

"म्हातारी," ती म्हणाली. "ऐंशी वर्षांची. काठी टेकत चालणारी."

"म्हातारी कशाला? पळायची वेळ आली तर?"

"नाही पळणार. मला म्हातारी व्हायचंय, आदिनाथ."

आदिनाथनं घसा साफ केला. "बरं. तर तुम्ही एका रानात हाव. झाडं हायत. बरीच झाडं."

"कसली?" काकू म्हणाल्या.

"लिंबाची. दाट. उजेड कमी हाय. आन् पुढं... पुढं कायतरी हललं."

"काय हललं?"

"आधी जाऊन बघा की."

काकू म्हणाल्या कोल्हा असंल. मग म्हणाल्या, न्हाई, माणूस असंल, दबा धरून बसलेला, घोडी थांबव. सुकन्याच्या मशीनचा अलार्म वाजला. रेवणसिद्ध आला, नळी सरळ केली आणि गेला. तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते. तिनं वीस बाजूंचा फासा उचलला. पुढं काय हललं ते आज तिनं ठरवायचं नव्हतं, आणि तिला खरोखरच भीती वाटत होती.

तिनं फासा टाकला. म्हातारीनं काठी पुढं टेकली आणि ती झाडांत शिरली.